वाफेऐवजी गरम पाणी सोडणाऱ्या कॉफी यंत्राबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरगुती एस्प्रेसो यंत्राच्या वाफेच्या नळीतील दोष दूर करून मिळण्याबाबत, अन्यथा यंत्र बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे एस्प्रेसो यंत्र मी गेल्या दिवाळीत खरेदी केले असून त्याची वॉरंटी अद्याप संपलेली नाही. यंत्रातून कॉफी चांगली उतरते, त्याबद्दल काहीच म्हणणे नाही. तक्रार आहे ती दूध फेसाळण्याच्या नळीची आणि, त्याहूनही अधिक, आपल्या सेवा केंद्राने तिच्या दोषाचे खापर दुधावर फोडले त्याची.

माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वाफेचा दिवा स्थिर होऊ दिला आणि नळीत साचलेले पाणी आधी रिकाम्या भांड्यात सोडून दिले, तरी नळीतून पाण्याचे शिंतोडे मिसळलेली ओली वाफच येते आणि दूध पुरते तापण्याआधीच तिचा जोर ओसरतो. फ्रिजमधले थंड दूध घेऊन, नळीचे टोक पृष्ठभागालगत धरून, दूध साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअस होईपर्यंत त्यात हवा ओढू द्यायची आणि मग टोक किंचित खाली नेऊन ६० ते ६५ अंशांपर्यंत दूध गोल फिरते ठेवायचे, म्हणजे मोठे बुडबुडे मोडून बारीक, चकचकीत फेस तयार होतो. आपल्या यंत्राच्या वाफेत दूध फिरवण्याइतका जोरच टिकत नाही. त्यामुळे वर भांडी घासताना येतो तसा फेस आणि खाली पाणचट दूध, एवढेच हाती लागते.

वाफ दुधात निवली की तिचे पाणी होणारच, हे मान्य. मात्र कोरड्या वाफेने १५० ग्रॅम थंड दूध ६० अंशांपर्यंत तापवल्यास त्यात सुमारे १५ ग्रॅम पाण्याची भर पडायला हवी. माझ्याकडे तेवढेच दूध ५० अंशही गाठत नाही, तोवर त्याचे वजन ४० ग्रॅमहून अधिक वाढलेले असते. वजनकाट्याची व तापमापकाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपले तंत्रज्ञ घरी आले, त्यांनी दुधाची पिशवी पाहिली आणि ‘टोन्ड दुधाला फेस येत नाही, फुल क्रीम दूध उकळून, साय काढून वापरावे’ असा शेरा लिहून तक्रार निकाली काढली. नळीचे टोक उघडून पाहणे किंवा थर्मोस्टॅट तपासणे त्यांना आवश्यक वाटले नाही. वास्तविक फेस धरून ठेवण्याचे काम मुख्यत्वे दुधातील प्रथिने करतात. स्निग्धांशामुळे चव आणि दाटपणा येतो. टोन्ड दुधात किमान ३ टक्के व फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, पण स्निग्धेतर घन पदार्थांचे (प्रथिने यांतच येतात) किमान प्रमाण अनुक्रमे ८.५ व ९ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आहे. शिवाय पिशवीतले दूध पाश्चराइज केलेले असल्याने ते पुन्हा उकळण्याचे कारणच नाही. (म्हशीच्या दुधावरही प्रयोग करून पाहिला, फरक पडला नाही.) त्याच पिशवीतले दूध शेजाऱ्यांच्या दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर उत्तम फेसाळते, हे तिथल्या तिथे दाखवण्याची माझी तयारी होती, तंत्रज्ञांनी ते पाहण्याचे टाळले.

खोक्यावर ‘१५ बार दाबामुळे कॅफेसारखा फेस’ असे छापलेले आहे. १५ बार हा कॉफीच्या पुडीतून पाणी ढकलणाऱ्या पंपाचा कमाल दाब आहे. घरगुती यंत्रातील वाफेचा दाब त्या आकड्याच्या जवळपासही नसतो. हा मजकूर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतो, याची आपण नोंद घ्यावी.

तरी पंधरा दिवसांच्या आत जाणकार तंत्रज्ञ पाठवून नळी व थर्मोस्टॅट यांची तपासणी करावी, दुरुस्तीनंतर माझ्यासमोर दूध फेसाळून दाखवावे आणि ते शक्य नसल्यास यंत्र बदलून द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. मुदतीत कार्यवाही न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : बिलाची व वॉरंटी कार्डाची प्रत, तंत्रज्ञांच्या शेऱ्याची प्रत, छायाचित्रे.