शैवालातल्या तेलाचा टक्का मोजला कसा?

संपादक महोदय,

हिरव्या शैवालापासून तेल काढण्याच्या बातम्यांत 'कोरड्या वजनाच्या इतके टक्के' असा आकडा असतो, पण तो कसा मोजला हे नसते. सगळी मेख तिथेच आहे.

क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने स्निग्धांश काढायचा, विद्रावक उडवायचा आणि उरेल ते तोलायचे, ही नेहमीची रीत. ब्लाय आणि डायर यांनी ती १९५९ मध्ये माशांच्या मांसासाठी बसवली. माशात हरितद्रव्य नसते. शैवालातले हरितद्रव्य मात्र कॅरोटिनॉइडांसकट क्लोरोफॉर्मच्या थरात उतरते आणि तेल म्हणून तोलले जाते. हरितलवकांच्या पटलांतले गॅलॅक्टोलिपिड, म्हणजे साखर जोडलेला स्निग्ध पदार्थ, तोही त्यातच येतो. खरे साठ्याचे तेल, म्हणजे ट्रायग्लिसराइड, बहुतेक जातींत नायट्रोजन संपल्यावर साचते, आणि तेव्हा वाढ मंदावलेली असते. म्हणून टक्क्यासोबत रोजचे उत्पादनही छापायला हवे.

त्यापेक्षा मेदाम्ले (फॅटी ॲसिड, तेलाचे मुख्य घटक) मिथेनॉलशी जोडून, म्हणजे त्यांचे मिथाइल एस्टर करून मोजणे जास्त भरवशाचे. गोठवून सुकवलेले ५ ते १० मिलिग्रॅम शैवाल, २ टक्के सल्फ्युरिक आम्ल घातलेले २ मिलिलिटर मिथेनॉल, ८० अंश सेल्सिअसला दीड तास. मग पाणी व हेक्झेन घालून वरचा थर गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, द्यायचा. तुलनेचे माप म्हणून १७ कार्बनी आम्लाचे ट्रायग्लिसराइड मोजून सुरुवातीलाच टाकावे. तेही नमुन्याबरोबर मिथाइल एस्टर होते, म्हणून प्रक्रिया अर्धवट राहिली तरी हिशेब फार चुकत नाही. तयार एस्टर शेवटी टाकले तर ही तूट कळतच नाही.

घोटाळे ठरावीक आहेत. नमुन्यात ओल राहिली की एस्टर पूर्ण होत नाहीत. झाकण सैल असले की मिथेनॉल उडते. नळी तापवण्याआधी आणि नंतर तोलली की हे लगेच उघड होते. प्लास्टिकच्या नळ्यांतून पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल झिरपते, तेव्हा काच आणि टेफ्लॉनचे झाकणच हवे, सोबत शैवाल न घातलेली एक कोरी नळीही चालवावी. खाऱ्या पाण्यातले शैवाल अमोनियम बायकार्बोनेटने धुवावे. ते सुकवताना उडून जाते, नाहीतर मीठ कोरड्या वजनात धरले जाते. काढणीनंतर पेशी तशाच ठेवल्या तर लायपेज विकरे लिपिड फोडून मुक्त मेदाम्ले करतात. सल्फ्युरिक आम्लाऐवजी सोडियम मेथॉक्साइड हा अल्कली वापरला तर ती एस्टर होत नाहीत आणि मोजणीतून निसटतात.

क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालात १६ कार्बन आणि ४ दुहेरी बंधांचे आम्ल चांगल्या प्रमाणात असते. ओळख पटवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या मानक मिश्रणांत ते सहसा नसते, आणि क्रोमॅटोग्राफच्या ध्रुवीय कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीत) १८ कार्बनी आम्लांच्या आसपास येत असल्याने त्यांच्याच नावावर खपते. वस्तुमान वर्णपटाने (मास स्पेक्ट्रम) खात्री केल्याशिवाय नाव देऊ नये.

'हिरव्या शैवालातले ओमेगा-३' हे शब्दही जपून छापावेत. त्यात मुख्यतः अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. डीएचए (मासळीच्या तेलातले ओमेगा-३) असलेले तेल देणारे शायझोकायट्रियम आणि क्रिप्थेकोडिनियम हे सूक्ष्मजीव हिरव्या शैवालांपैकी नव्हेतच.

आपला,
एक वाचक