सोनू, लघवी दाबून धरू नकोस

प्रिय सोनू,

काल बोलता बोलता तू म्हणालीस की तू नोकरी करतेस त्या शाळेतलं टॉयलेट घाण असतं म्हणून दुपारपर्यंत पाणीच पीत नाही, तेही पोटात बाळ असताना, आणि मला रात्रभर झोप नाही बघ. तुझ्या सासूबाई शेजारी असतील म्हणून गप्प बसले, म्हणून हे लिहितेय.

तुझ्या वेळी सातव्या महिन्यात मी तासगावला द्राक्षाच्या विरळणीला जायचे, बागेत सगळीकडे गडीमाणसं, आडोसा कुठं नाही, मग सकाळी निघाले की संध्याकाळी घरी येईस्तोवर दाबूनच धरायचे, पाणी पण घोटभर. जळजळ व्हायची तर बायका म्हणायच्या दिवसांत होतंच, उष्णता आहे, धण्याचं पाणी पी. बाळंतपणासाठी जिथं नाव घातलं होतं तिथं पण कुणी लघवी तपासली नाही. आणि एका रात्री अशी हुडहुडी भरली की बाबांनी दोन वाकळा टाकल्या तरी दात वाजत होते, उजव्या कुशीत कळ, उलट्या. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं. पोट मधेच कडक व्हायचं, वाटायचं तू आत्ताच येतेस की काय.

नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं, गरोदरपणात हार्मोनमुळं लघवीच्या नळ्या सैल पडतात, वरून गर्भपिशवीचा दाब, मग लघवी साचते आणि जंतूंचं फावतं. कधी कधी जळजळ नसताना पण जंतू असतात गं, ते लघवीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, केल्याशिवाय कळत नाही. तुला चौथा महिना लागलाय, कल्चर झालंय का ते विचार. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं पण विचार. सॅम्पल देताना आधी पाण्यानं धुऊन घे, पहिली धार सोडून मधली धर, डबीला आतून बोट लावू नकोस आणि लगेच लॅबला दे. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

धुताना पुढून मागं, आणि आई असून सांगते, लाजू नकोस, नवराबायको जवळ आलात की नंतर लघवीला जाऊन येत जा. मेडिकलमधून विचारून गोळी आणायची नाही, पोटातल्या बाळाला सगळ्याच चालत नाहीत. डॉक्टरनी दिली तर बरं वाटलं तरी कोर्स पुरा कर.

टॉयलेटचं मोठ्या बाईंशी बोल, त्या पण बाईच आहेत. रविवारी बाबांबरोबर लिटरची स्टीलची बाटली पाठवतेय, दुपारच्या सुट्टीपर्यंत रिकामी झाली पाहिजे. आणि थंडी वाजून ताप आला, कंबरेत कुशीत दुखलं, तर जावईबापू कामावरनं यायची वाट बघत बसू नकोस, तशीच दवाखान्यात जा आणि मला फोन कर, मी पहिल्या एसटीनं दहिवडीला येते.

रिपोर्टचा फोटो पाठव.

तुझी आई