माहितीपत्रकात डोक्यावरची जागाही छापावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझी उंची ६ फूट ३ इंच आहे. नोकरीनिमित्त खानापूर ते बेळगाव असे रोजचे येणे-जाणे आहे आणि अधूनमधून चोर्ला घाटातून गोव्यालाही जावे लागते. जुनी गाडी बदलण्याच्या विचाराने गेले दोन महिने मी बेळगाव आणि कोल्हापूर येथील शोरूम पालथी घालत आहे. माहितीपत्रकांत गाडीची लांबी, रुंदी, ग्राउंड क्लिअरन्स, इतकेच काय डिकीत किती लिटर सामान मावते तेही छापलेले असते. मात्र सीटवर बसल्यावर डोके आणि छत यांच्यामध्ये किती अंतर उरते, हा आकडा मला एकाही पत्रकात सापडला नाही.

गाडीची एकूण उंची पाहून अंदाज बांधावा, तर तोही फसतो. त्या उंचीत चाकांखालच्या जमिनीपासूनचे सगळे मोजलेले असते आणि एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत तळाबरोबर सीटही वर गेलेली असल्याने बाहेरून धिप्पाड दिसणारी गाडी आत बसल्यावर ठेंगणी निघते. याउलट १९९८ साली आलेली सँट्रो आणि पाठोपाठ १९९९ साली आलेली वॅगन आर या लांबीला तोकड्या गाड्या, पण उभट घडणीमुळे त्यांत ताठ बसता येई.

खरी अडचण सनरूफची आहे. सरकती काच, तिची चौकट, रूळ आणि पडदा हे सारे छताच्या आतच बसवावे लागत असल्याने तेवढी जाडी माणसाच्या डोक्यावरून वजा होते. (खानापूरच्या पावसाळ्यात ही काच चार महिने उघडता येत नाही, हे आणखी वेगळे.) सनरूफ नको म्हणून खालचे मॉडेल घ्यावे, तर सीट खाली-वर करण्याची सोय बहुधा त्यात नसते, ती हवी असेल तर सनरूफही पदरात घ्यावे लागते. म्हणजे ज्या मॉडेलात सीट खाली नेता येते, त्याच मॉडेलात छतही खाली आलेले असते.

एका शोरूममध्ये मला टेस्ट ड्राइव्हसाठी सनरूफ नसलेली गाडी दिली आणि ‘आतून सगळी मॉडेले सारखीच आहेत’ असे सांगितले. आग्रह धरून वरच्या मॉडेलात बसलो, तेव्हा केस छताच्या अस्तराला टेकले आणि पहिल्याच गतिरोधकावर डोके आपटले. पाठ मागे कलती करा, असा सल्ला मिळाला. तसे केल्यास डोके सुटते खरे, पण हात स्टेअरिंगपर्यंत ताणावे लागतात आणि पट्टा छातीपासून सुटतो. शिवाय समोरच्या काचेची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येत असल्यामुळे चौकात पुढे थांबल्यावर मान वाकवल्याशिवाय सिग्नल दिसत नाही. हेडरेस्ट पुरेसे वर येत नसेल तर मागून धक्का बसल्यास ते डोक्याऐवजी मानेला आधार देते. त्यामुळे हा केवळ आरामाचा प्रश्न मानता येणार नाही.

‘सहा फुटी माणूस आरामात बसतो’ हे वाक्यही निरुपयोगी आहे. माझा चुलतभाऊ माझ्याएवढाच उंच असूनही त्याच गाडीत सहज बसला, कारण त्याची उंची पायांत आहे आणि माझी धडात. म्हणून मोजमापच हवे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या तपशिलात पुढच्या आणि मागच्या सीटची हेडरूम स्वतंत्र दिलेली असते. बसणाऱ्याच्या कमरेच्या सांध्यापासून ८ अंश मागे कललेल्या रेषेत छताच्या अस्तरापर्यंतचे अंतर घेऊन त्यात १०२ मिलिमीटर मिळवले जातात. पद्धत ठरलेली असताना आपल्याकडच्या कंपन्यांनी तो आकडा, सनरूफसह आणि सनरूफविना, छापायला हरकत नसावी. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि गावोगावच्या तालमी असलेल्या या भागात उंच गिऱ्हाईक काही दुर्मीळ नाही.

तोवर विक्रेत्यांनी निदान जे मॉडेल विकायचे तेच चालवायला द्यावे. ग्राहकांनीही सीट पूर्ण खाली घेऊन, पाठ नेहमीच्या कोनात ठेवून, क्लच पूर्ण दाबून पाहावा आणि डोके व छत यांच्यामध्ये मूठ शिरते का ते तपासूनच आगाऊ रक्कम भरावी.

माझी खरेदी अद्याप अडली आहे. वाचकांपैकी कोणी माझ्यासारखे लांब धडाचे असतील, तर ते सध्या कोणती गाडी चालवतात हे त्यांनी याच सदरातून कळवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)