"काही नाही गं, सहज केला होता"

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं मला दादाकडून कळलं, तेही चार दिवसांनी. आई, त्या चार दिवसांत तुझे दोन फोन येऊन गेले होते. दोन्ही वेळा मी "हं, बोल" म्हणाले आणि तू म्हणालीस, "काही नाही गं, सहज केला होता."

आठवून पाहिलं तर दोन्ही वेळा मी ऑफिसमधल्या कुणावर तरी चिडलेली होते. तुमच्यावर राग नव्हताच. पण तुमच्यापर्यंत नुसता आवाज पोचतो, त्यामागचं कारण नाही.

लहानपणी बाबा घरी आले की कडीच्या आवाजावरून मी आणि दादा ओळखायचो, आज काय विचारायचं आणि काय उद्यावर टाकायचं. सहलीची चिठ्ठी दप्तरात आठवडाभर पडून राहायची. बाबा, ही तक्रार नाही. तुम्ही किती दमून यायचात ते आता कळतं. पण तेव्हा आम्ही कान लावून बसायचो तसे आता तुम्ही दोघं माझ्या "हॅलो"ला कान लावता, हे लक्षात आलं आणि रात्रभर झोप लागली नाही.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता. आईने तान्ह्या बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडून पाहतं. तरी आईचा चेहरा हलला नाही की तोंड फिरवतं. ते वाचताना मला तुझं "सहज" ऐकू आलं, आई.

परवा तुमची नात दारातच थांबून म्हणाली, "आई, तू आत्ता चिडलेली आहेस का?" मी नाही म्हणेपर्यंत वही पाठीमागेच होती. पहिल्यांदाच काढलेलं चित्र दाखवायचं होतं तिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पोचते, रजा मिळाली आहे. डोळ्यात थेंब घालायच्या वेळा मी सांभाळेन. तोवर फोन करत राहा. माझा आवाज तुटक वाटला तर "काय झालं गं?" असं विचार, फोन ठेवू नकोस. आणि डॉक्टर काय म्हणाले ते पहिल्यापासून सांग. आधी कुठला डोळा, हेसुद्धा मला अजून माहीत नाही.

तुमची,
धाकटी