दोनशे चाळीस चौरस फूट आणि आतून लागणारी कडी

संपादक महोदय,

'टायनी होम' हा शब्द लेकीकडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं. २४० चौरस फुटांच्या घराला अमेरिकेत चिमुकलं म्हणतात! आपल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात तीन-तीन पिढ्यांची लग्नं-बाळंतपणं उरकली. लेक कॅन्सस सिटीजवळ राहते. तिच्या ऑफिसातली मंडळी एका शनिवारी अशीच काही घरं लावून द्यायला निघाली होती, मीही त्यांच्या गाडीत बसलो. परदेशात म्हाताऱ्यानं घरी बसून करायचं तरी काय?

'व्हेटरन्स कम्युनिटी प्रोजेक्ट' नावाची, बेघर माजी सैनिकांसाठीची ही वस्ती शहराच्या दक्षिण भागात, ट्रूस्ट रस्त्यावर आहे. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या काही जणांनी ती उभी केली. जानेवारी २०१८ मध्ये पहिली १३ घरं झाली, आज ४९ आहेत. एकट्याला २४० चौरस फूट, बायकापोरं असतील तर ३२०. पैसा बराचसा लोकांनी दिलेला, अंगमेहनतही लोकांचीच. राहणाऱ्याकडून भाडं घेत नाहीत.

आमच्या वाट्याला अंथरूण घालणं आणि भांडी लावणं आलं. हात जुन्या सवयीनं चालले. चादरीचे कोपरे फौजेत किट लेआउटच्या, म्हणजे सामान मांडून तपासणीच्या, दिवशी दुमडायचो तसे दुमडले. देखरेखीला असलेला गडी माजी सैनिकच होता. तो त्या कोपऱ्यांकडे बघत राहिला, मग विचारलं, किती वर्षं? मी म्हटलं, अठ्ठावीस. त्यानं स्वतःची चार बोटं दाखवली.

त्या चार बोटांत सगळं आलं. तिथे नेहमीची पेन्शन मिळते ती वीस वर्षांच्या नोकरीवर. बहुतेक पोरं चार-सहा वर्षांत बाहेर पडतात, काही जण युद्ध डोक्यात घेऊनच. रात्री झोप नाही, दारू वाढते, संसार मोडतो आणि माणूस गाडीत झोपायला लागतो. त्यात डिस्चार्जच्या कागदावर वाईट शेरा असला की सरकारी सवलतींची दारंही बंद होऊ शकतात. या वस्तीत मात्र शेरा बघत नाहीत. शपथ घेतली होती ना, मग तू आमचा, इतकाच हिशेब.

आसरा द्यायला तिथे धर्मशाळेसारखी निवारागृहं आहेतच. पण एका हॉलमध्ये चाळीस खाटा म्हणजे पुन्हा बॅरेक, आणि तीही अनोळखी माणसांची. ज्याला पाठीमागे कोण उभं आहे या धास्तीनं झोप लागत नाही, त्याला स्वतःची चार भिंतींची जागा आणि आतून लागणारी कडी लागते. ती असली की पत्ता येतो, पत्त्यावर टपाल येतं, नोकरीचा अर्ज भरता येतो. कागदपत्रं, कर्ज, व्यसन यांच्या मागे लागायला संस्थेची माणसं शेजारीच असतात. आणि कायमच्या घरी जाताना पलंग, टेबल, भांडीकुंडी तो आपल्याबरोबर नेतो. पुढच्यासाठी सगळं नव्यानं लावायचं. म्हणून तर आम्हाला बोलावलं होतं.

यानं सगळा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या सरकारी मोजणीत तिथे ३२,८८२ माजी सैनिक बेघर होते. त्यापुढे ४९ घरं ती किती! २०१० मध्ये हाच आकडा ७४ हजारांच्या घरात होता. तो उतरण्यात भाड्यासाठीच्या सरकारी मदतीचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवं. लोकवर्गणीचं काम वेगळं: सरकारी नियमात जो बसत नाही, त्याला हात देणं.

आमच्या पिढीला ही वेळ आली नाही. पेन्शन होती, गावी घर होतं, भाऊबंदकी का असेना पण माणसं होती. पण २०२२ पासून आपल्याकडेही चार बोटांची, म्हणजे चार वर्षांची, अग्निवीराची नोकरी आली आहे. चार अग्निवीरांतला एक कायम होईल; बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी मिळेल, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिली पोरं २०२६ च्या अखेरीपासून परतू लागतील. ती बेघर होतील असं मला वाटत नाही. पण पंचविशीच्या आसपास फौज सोडून नागरी आयुष्यात आलेल्या पोराला कोणता कागद कुठे न्यायचा आणि रात्री झोप येत नसेल तर कुणाला सांगायचं, हे दाखवणारं कोणी तालुक्याला नाही. तो नियमानं 'माजी सैनिक' नाही म्हणून आपल्या संघटनांनीही त्याला दारातूनच परत पाठवायचं का?

आमच्या संघटनेच्या कार्यालयामागे एक खोली आहे. जुने बॅनर आणि मोडक्या खुर्च्या भरल्यात तिच्यात. ती रिकामी करून या पोरांसाठी आठवड्यातून दोन दिवस उघडी ठेवावी, बसायला मी येतो, असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, ते मात्र अजून सापडलेलं नाही.

– एक निवृत्त सुभेदार, कोरेगाव, जि. सातारा