प्राणिवर्तनाच्या प्रकल्पात आधी वर्तनसूची हवी

संपादक महोदय,

शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रकल्पांत साळुंक्या, कावळे, भटकी कुत्री यांच्या वर्तनाचे विषय दिसू लागले, याचा आनंद वाटतो. मात्र वह्यांत ‘कुत्रा चिडला’ अशी वाक्ये असतात. हा निष्कर्ष झाला. ‘दात दाखवले, कान मागे घेतले, दोन पावले पुढे आला’ ही नोंद.

सुरुवातीला नोंदी न घेता वर्तनसूची करावी : चरणे, पिसे साफ करणे, दुसऱ्याला हाकलणे, स्वस्थ बसणे अशी १०-१२ वर्तने आणि प्रत्येकाची एका ओळीत व्याख्या. मग दोघांनी एकाच साळुंकीची वेगवेगळी नोंद करून ताडून पाहावी. जुळत नसेल, तर बहुतेक वेळा व्याख्या ढिली असते.

जे दिसेल ते लिहीत गेले, की भांडणे भरपूर नोंदली जातात आणि स्वस्थ बसणे सुटते. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये नोंदपद्धतींची चिकित्सा केली, तेव्हापासून हा दोष सर्वज्ञात आहे. त्यावर उपाय म्हणजे चिठ्ठी टाकून एक प्राणी निवडावा आणि १० मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहावे. तो आडोशाला गेला तर ‘दिसत नाही’ असे लिहावे, ‘काही करत नाही’ असे नव्हे. दर ५ मिनिटांनी थव्यातला प्रत्येक पक्षी त्या क्षणी काय करतो, हे टिपण्याचीही पद्धत आहे; वेळ कशात जातो ते तीतून कळते, पण चोच मारण्यासारखी क्षणिक वर्तने निसटतात.

नजर भांडणाकडे ओढली जाण्याने किती फसगत होते, हे आपल्याकडच्याच ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या गांधीलमाशीवरून कळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक माशीवर रंगाचे ठिपके देऊन तिचा अभ्यास केला. पोळ्यातली राणी शांत असते, कामकरी माश्या तिच्याहून आक्रमक. राणी काढून घेतली, की एक कामकरी एकदम कमालीची आक्रमक होते. तीच पुढे राणी होते आणि निवळते. भांडखोर तीच राणी, असे धरले असते तर सगळेच चुकले असते. (मुलांनी मात्र पोळ्याजवळ जाऊ नये, साळुंक्या पुरेशा आहेत.)

परीक्षकांना आमची विनंती आहे, की रंगीत तक्ते पाहण्याआधी वेळ, जागा आणि हवामान लिहिलेली कच्ची वही मागावी. गुण तिला द्यावेत.

– प्राणिशास्त्राचे काही अध्यापक, सातारा