टिकेट आणि पुल रिक्वेस्ट जोडण्याच्या हेल्प पानाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व डॉक्युमेंटेशन विभाग

विषय : ‘टिकेट पुल रिक्वेस्टला कसं जोडावं’ या पानावरची अर्धवट माहिती आणि त्यामुळे झालेला मनस्ताप

महोदय / महोदया,

आमची आठ जणांची टीम दोन वर्षांपासून तुमचा इश्यू ट्रॅकर (कामांची आणि बगची टिकेटं, म्हणजे नोंदी, ठेवणारं साधन) पैसे भरून वापरते. ट्रॅकर बरा आहे, त्याबद्दल आज काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती वर विषयात दिलेल्या पानाची. त्यावर चार वाक्यं आणि एक चित्र आहे. सांगितलंय एवढंच : पुल रिक्वेस्टच्या (पीआर, म्हणजे कोडमधला बदल सामावून घेण्याची विनंती) डिस्क्रिप्शनमध्ये ‘फिक्सेस’ लिहा, पुढे टिकेटचा नंबर द्या, पीआर मर्ज झाली, म्हणजे कोडमध्ये मिसळली, की टिकेट आपोआप बंद होईल. आम्ही अक्षरशः तसंच केलं.

आमच्याकडे पीआर सहसा थेट मेनमध्ये, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेत (डीफॉल्ट ब्रांचमध्ये), जात नाही. आधी रिलीज ब्रांचमध्ये मर्ज होते आणि टेस्टिंग झाल्यावर ती अख्खी ब्रांच मेनमध्ये येते. गेल्या रिलीजच्या वेळी अकरा पीआर मर्ज झाल्या आणि अकराही टिकेटं बोर्डावर उघडीच राहिली. त्यातलं एक टिकेट उघडं दिसतंय म्हणून एका सहकाऱ्याने हाती घेतलं आणि आधीच दुरुस्त झालेला बग शोधण्यात दीड दिवस घालवला. तुम्हाला लिहिलं, तर चौथ्या दिवशी उत्तर आलं : ‘पीआर डीफॉल्ट ब्रांचमध्ये मर्ज झाली तरच टिकेट बंद होतं. हे अपेक्षित वर्तन आहे.’ सोबत लिंक होती ती त्याच पानाची, ज्याबद्दल मी तक्रार केली होती!

अपेक्षित, पण कुणाला? नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरही हीच अट आहे, पण तिथल्या डॉक्युमेंटेशनमध्ये ती लिहिलेली आहे. गिटहब क्लोज, फिक्स आणि रिझॉल्व्ह या तीन क्रियापदांची मिळून नऊ रूपं ओळखतं आणि ती नऊच्या नऊ पानावर छापलेली आहेत. एका पीआरमध्ये अनेक इश्यू बंद करायचे असतील तर प्रत्येक नंबराआधी तो शब्द पुन्हा लिहावा लागतो, हेही तिथे उदाहरणासकट दिलंय. तुमच्याकडेही तसंच चालतं हे आम्हाला ‘फिक्सेस #३१८, #३२१, #३२४’ लिहून, त्यातलं फक्त ३१८ बंद झाल्यावर कळलं.

हे सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पत्र लिहायला बसलो ते २०७ नंबरच्या टिकेटमुळे.

हे टिकेट आमच्या एका ग्राहकाने नोंदवलेलं. दिवसातून एखाद्या वेळी त्याची इनव्हॉइस दोनदा तयार व्हायची, आणि का ते आम्हाला सापडत नव्हतं. शेवटी एका सहकारी मुलीने जादा लॉग (प्रोग्राम काय करतोय याच्या नोंदी) टाकणारी छोटीशी पीआर केली आणि कुणाचा गैरसमज नको म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं : ‘धिस डझ नॉट फिक्स #२०७, ओन्ली ॲड्स लॉगिंग.’ ही पीआर थेट मेनमध्ये गेली. तुमच्या ट्रॅकरला त्या वाक्यात ‘फिक्स #२०७’ एवढंच दिसलं. टिकेट बंद झालं आणि ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ अशी मेल परस्पर ग्राहकाला गेली. त्याच संध्याकाळी त्याची इनव्हॉइस पुन्हा दोनदा निघाली. फोनवर मी जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. आणि ती बिचारी मुलगी अजून विचारते, ‘मी नॉट लिहिलं होतं ना?’ लिहिलं होतं. ट्रॅकर फक्त शब्द आणि त्याला चिकटलेला नंबर शोधतो, वाक्य वाचत नाही, हे तिला कुणी सांगायचं होतं? पानावर एक ओळ पुरली असती.

बाकीच्या गोष्टी आम्ही ठेचा खात शिकलो. ब्रांचच्या नावात टिकेटचा कोड लहान इंग्रजी अक्षरांत (लोअरकेस) लिहिला तर जोडणी होत नाही. कमिटमधला (कोडमधल्या बदलाच्या नोंदीतला) ईमेल आणि ट्रॅकरमधला ईमेल वेगळा असला तर कमिटमधून दिलेली आज्ञा गुपचूप दुर्लक्षित होते, एररसुद्धा दिसत नाही. माझ्या मते ‘गुपचूप’ हाच यातला सगळ्यात वाईट भाग.

तर, त्या पानावर ब्रांचची अट पहिल्याच वाक्यात यावी. कोणते शब्द चालतात आणि ट्रॅकर ते कुठे कुठे वाचतो (शीर्षक, डिस्क्रिप्शन, कमिट की ब्रांचचं नाव) हे स्पष्ट लिहावं. टिकेट बंद न करता नुसतं जोडायचं कसं, हे तर हवंच. आमचं निम्मं काम तसलं असतं. जोडणी झाली नाही तर आधी काय तपासायचं, वेबहुक (बदल झाल्याची आपोआप जाणारी सूचना) पोचला का, जोडलेल्या खात्याला खाजगी रेपो (कोडचं भांडार) वाचायची परवानगी आहे का, तेही द्या. ‘नॉट फिक्स’चं उदाहरण हवं असेल तर आमचं वापरा, ग्राहकाचं नाव तेवढं गाळा.

नवीन येणाऱ्यांसाठी आम्ही दोन पानांचं टिपण केलं आहे. तुमच्या हेल्प पानाने करायचं ते काम सध्या ते करतं. प्रत सोबत जोडली आहे, फुकट घ्या. टिकेट क्रमांक २०७ ची हिस्टरी आणि ग्राहकाला गेलेली मेलही जोडली आहे.

पान कधी दुरुस्त होणार याची तारीख पंधरा दिवसांत लेखी कळवावी. पुढच्या महिन्यात आमचं सबस्क्रिप्शन नूतनीकरणाला येतं आणि त्यावर सही मी करतो. उत्तरात पुन्हा त्याच पानाची लिंक पाठवू नये, ही विनंती.

आपला,
टीम लीड (खात्याचा तपशील जोडपत्रात)